एकट्याचा आर्ट-रॉक अल्बम: ऐंशीच्या दशकातला प्रोग्रेसिव्ह पॉप घरच्या खोलीत

२०१७ साली ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनचा ‘टू द बोन’ हा अल्बम आला. त्यामागची प्रेरणा त्याने उघड सांगितली होती: केट बुशचा ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ (१९८५), पीटर गेब्रिएलचा ‘सो’ (१९८६), टॉक टॉकचा ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ (१९८६) आणि टिअर्स फॉर फिअर्सचा ‘द सीड्स ऑफ लव्ह’ (१९८९). या चारही अल्बममधली गाणी पहिल्या ऐकण्यात ओठांवर बसतात, आणि विसाव्यांदा ऐकताना त्यांत नवं काही सापडतं. कारागिरी भरपूर आहे, पण ती गाण्याच्या पोटात आहे. या जातीचा अल्बम एकट्याने करायचा असेल तर शिकायची गोष्ट हीच: अवघड ते आत ठेवायचं आणि वर सोपी चाल ठेवायची. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

सामान फार लागत नाही. संगणक, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक डायनॅमिक मायक्रोफोन, बंद पाठीचे हेडफोन, चार सप्तकांचा कीबोर्ड, एक गिटार आणि एक बेस. सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. वेळ मात्र लागतो. नोकरी सांभाळून आठ गाण्यांना वर्ष धरा.

आधी कुंपण घाला

आज सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक अमर्याद मिळतात, आणि घरचे बहुतेक अल्बम तिथेच बुडतात. त्या काळातली यंत्रं तोकडी होती. प्रॉफेट-५ सिंथेसायझरवर एका वेळी पाचच स्वर वाजत. फेअरलाइट सीएमआय या ऑस्ट्रेलियन सॅम्पलरवर (रेकॉर्ड केलेला आवाज कीबोर्डवर वाजवणाऱ्या यंत्रावर) आठ. मोठ्या स्टुडिओतलं नेहमीचं टेप यंत्र २४ ट्रॅकचं. त्यामुळे प्रत्येक भागाला आपली जागा कमवावी लागे.

म्हणून पहिलं गाणं उघडण्याआधी एका कागदावर लिहा: गाण्याला २४ ट्रॅक, एक ड्रम किट, एक सिंथेसायझर, एक सॅम्पलर. सिंथेसायझरच्या सेटिंगमध्ये ‘व्हॉइसेस’चा आकडा ५ करा. लगेच फरक कळतो. दोन्ही हातांनी दहा बोटांचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) दाबता येत नाहीत, सहावा स्वर दाबला की पहिला तुटतो. मग डावा हात दोन आणि उजवा तीन स्वरांवर येतो आणि बेस, गिटार, गळा यांना आपोआप मोकळी जागा मिळते. हा नियम पूर्ण अल्बमभर पाळा. आठही गाण्यांत तेच चार-पाच आवाज फिरत राहिले की अल्बमला एक चेहरा येतो. गाण्यागणिक नवं प्लगइन (सॉफ्टवेअरमधलं वाद्य) उघडलं तर तो नमुन्यांचा संच वाटतो.

लांबीही आत्ताच ठरवा. एकूण ४० ते ४४ मिनिटं, म्हणजे रेकॉर्डच्या एका बाजूला २० ते २२. ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ची मांडणी आदर्श आहे: पहिल्या बाजूला पाच स्वतंत्र गाणी, दुसऱ्या बाजूला सात तुकड्यांची एकसंध कथा. पहिल्याच अल्बमला सात तुकडे झेपणार नाहीत. पाच गाणी आणि शेवटी १५-१७ मिनिटांचा तीन भागांचा एक प्रवास, एवढं बेताचं आहे.

गाणं: खाली खुंटी, वर चाल

या संगीतातली सगळ्यात उपयोगी युक्ती मराठी कानाला जन्मापासून ओळखीची आहे. तंबोऱ्याचा षड्ज. ‘रनिंग अप दॅट हिल’मध्ये खाली एक स्वर अखंड धरून ठेवलेला आहे आणि वर कॉर्ड बदलत राहतात. कॉर्ड साधेच, पण धरलेल्या स्वराशी त्यांचं नातं दर वेळी वेगळं, त्यामुळे ताण तयार होतो. करून पाहा: सी स्वर धरून ठेवा आणि वर ए-फ्लॅट मेजर, बी-फ्लॅट मेजर, सी मायनर असे कॉर्ड दोन-दोन मात्रा वाजवा. बी-फ्लॅटवर तो सी टोचतो. ते टोचणं काढू नका, गाण्याची गंमत तिथेच आहे. धरलेला स्वर मात्र बेसच्या पट्टीत फार जाड ठेवला तर सगळा मिक्स गढूळ होतो. तो १५० हर्ट्झच्या वर ठेवा आणि खालचा भाग फिल्टरने कापा.

दुसरी युक्ती म्हणजे न बदलणारी ओळ. टॉक टॉकच्या ‘लाइफ्स व्हॉट यू मेक इट’मध्ये पियानोची एक जाड, खालच्या सप्तकातली ओळ गाणंभर फिरते आणि बाकी सगळं तिच्याभोवती बदलतं. अशी ओळ दोन बारची (आवर्तनांची) करा, चार-पाच स्वरांची. सहा स्वरांच्या पुढे गेली की ती गायकाशी भांडायला लागते.

विषम ठेका हवाच असेल तर तो लपवायला शिका. गेब्रिएलचं १९७७चं ‘सॉल्सबरी हिल’ सात मात्रांचं आहे, आणि कित्येक जण ते वर्षानुवर्षं ऐकतात तरी त्यांच्या लक्षात येत नाही. कारण चाल बोलण्यासारखी जाते आणि खाली बास ड्रमचा ठोका न थांबता प्रत्येक मात्रेवर पडतो. आपल्याकडे रूपक ३+२+२ असा मोजतात, त्याची सवय असेल तर हे सोपं आहे. आधी सात मात्रांवर शब्द बोलून पाहा, मग चाल बांधा, ठेका शेवटी. बरेच जण उलट करतात. आधी सात मात्रांचा ड्रम लावतात आणि त्यात शब्द कोंबतात. मग प्रत्येक ओळीच्या शेवटी एक मात्रा ‘गळाल्या’सारखी वाटते आणि ऐकणारा अडखळतो.

मराठीत लिहिणार असाल तर एक अडचण आधीच समजून घ्या. मराठी शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही. ‘घर’ हा शब्द लांब सुरावर धरायचा तर ‘र’वर थांबता येत नाही, ‘घ’मधला ‘अ’ ताणावा लागतो आणि ‘र’ अगदी शेवटी टेकवावा लागतो. तसं न करता ‘घरऽऽऽ’ गायलं की ते परक्याने गायल्यासारखं वाटतं. कोरसच्या (ध्रुवपदाच्या) ओळींचा शेवट ‘वारा’, ‘गेले’, ‘तुझे’, ‘वाहतो’ अशा खुल्या स्वरांच्या शब्दांवर आणा. तिथे सूर चार मात्रा सहज उभा राहतो.

ड्रम: झांजा काढा, मग खोली बंद करा

१९८०च्या तिसऱ्या अल्बममध्ये गेब्रिएलने ड्रमरना झांजा वाजवू दिल्या नाहीत. झांजांचा ‘श्श’ वरची सगळी जागा व्यापतो. तो गेला की तिथे गिटार, सॅम्पलर, कुजबुज, काहीही बसवता येतं. तुमच्या किटमधून क्रॅश आणि राइड काढून टाका. हाय-हॅटच्या जागी शेकर किंवा घुंगरू हाताने वाजवून रेकॉर्ड करा. ड्रम मशीन घड्याळासारखं आणि त्यावर माणसाचा हात थोडा मागेपुढे, हा मेळ त्या दशकाचा आहे. हाताने वाजवलेलं संगणकाने सरळ करू नका.

त्याच अल्बममधल्या ‘इंट्रूडर’ गाण्यात लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ड्रमर फिल कॉलिन्स आणि अभियंता ह्यू पॅडगॅम यांच्या हाती तो प्रसिद्ध आवाज लागला. वादकाचं बोलणं ऐकण्यासाठी वादनाच्या खोलीत एक माइक असे आणि कन्सोलमध्ये त्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र) होता. त्यातून ड्रम अवाढव्य ऐकू आले, आणि नॉइज गेटने (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या यंत्राने) त्यांचा शेवट कापल्यावर तो स्फोटासारखा येऊन एकदम थांबणारा आवाज तयार झाला. घरी तो असा बांधा:

१. स्नेअरचा ट्रॅक वेगळा ठेवा. त्यावरून एका नव्या बसला (आवाज एकत्र आणणाऱ्या वाहिनीला) ‘सेंड’ द्या, म्हणजे आवाजाची प्रत तिकडे पाठवा.

२. त्या बसवर मोठ्या खोलीचा रिव्हर्ब (घुमारा) लावा. डीके (घुमारा विझायला लागणारा वेळ) २ ते २.५ सेकंद, प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा वेळ) ०, वेट १०० टक्के, म्हणजे नुसता घुमारा.

३. त्यानंतर कॉम्प्रेसर. रेशो १०:१ किंवा जास्त, अटॅक ५ ते १० मिलिसेकंद, रिलीज १०० मिलिसेकंद. काटा १२ ते १५ डेसिबल खाली जाईल इतका थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी) उतरवा. रिव्हर्बचं शेपूट फुगून मूळ ठोक्याएवढं होईल. ते तसंच हवंय.

४. सगळ्यात शेवटी गेट. त्याची साइडचेन (गेटने कधी उघडायचं ते सांगणारा आवाज) कोऱ्या स्नेअरला जोडा. रिव्हर्बवरूनच गेट चालवला तर तो कधी बंद व्हायचं ते ठरवू शकत नाही आणि शेवट फडफडतो.

५. गेटचा अटॅक शक्य तितका कमी. होल्ड (गेट उघडं राहण्याचा वेळ) आणि रिलीज (बंद होण्याचा वेळ) गाण्याच्या लयीवरून काढा.

हिशोब सोपा आहे. ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटातल्या मात्रा) म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. ९६च्या लयीत मात्रा ६२५ची, अर्धी मात्रा ३१२ची. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडत असेल तर फुगलेला आवाज पुढच्या अर्ध्या मात्रेच्या किंचित आधी संपला पाहिजे. होल्ड २५०, रिलीज ४०, एकूण २९०. मधल्या वीसेक मिलिसेकंदांची शांतता कानाला जाणवते आणि तीच पुढच्या ठोक्याला जोर देते. होल्ड ३५० केला तर तो आवाज शेकरवर चढतो आणि लय जड होते. १५०च्या खाली गेला तर मोठी खोली न वाटता नुसता कर्कश फटका उरतो.

बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. हलके मधले ठोके गेट उघडतात आणि प्रत्येक ठिकाणी स्फोट होतो. ते ठोके दुसऱ्या ट्रॅकवर टाका आणि त्याला सेंडच देऊ नका. खऱ्या ड्रमचं रेकॉर्डिंग वापरत असाल तर बास ड्रमही गेट उघडतो. त्यासाठी साइडचेनवर २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. टॉम्सना हाच बस द्या. बास ड्रम मात्र कोरडाच ठेवा. आणि हा आवाज आठही गाण्यांत वापरू नका. दोन-तीन पुरे. ‘द कलर ऑफ स्प्रिंग’चे ड्रम ऐकले की साधी, खरी खोलीही किती पुरते ते कळतं.

सॅम्पलर: बासरीची एक फुंक

फेअरलाइटच्या एका व्हॉइसची स्मृती १६ किलोबाइट होती, आणि सॅम्पल ८ बिटचे. तीस किलोहर्ट्झने नमुने घेतले तर जेमतेम अर्ध्या सेकंदाचा आवाज मावे. म्हणजे व्हायोलिनचा आवाज भरला तर गजाचा पहिला घासच हाती लागायचा, पुढचं लूप करून ताणायचं. त्या सुरावटी ओळखीच्या असूनही परक्या वाटतात त्या यामुळे. ‘स्लेजहॅमर’च्या सुरुवातीची जपानी बासरी हाही ई-मू इम्युलेटर २मधला सॅम्पलच आहे.

हाच प्रयोग घरच्या बांबूच्या बासरीवर करा. माइक फुंकेच्या छिद्रापासून वीस सेंटिमीटरवर, थोडा बाजूला, म्हणजे हवा थेट पडद्यावर आदळणार नाही. एकच स्वर, मध्यम जोरात, दोन सेकंद, आंदोलन अजिबात न देता. आंदोलन दिलंत तर वरच्या स्वरांत ते घाईने थरथरेल, खालच्या स्वरांत डुलेल आणि कॉर्ड वाजवला की तीन वेगवेगळे थरथराट एकमेकांवर आपटतील. असे पाच-सहा टेक घ्या आणि ज्यात सूर लागण्याआधीची हवा स्पष्ट ऐकू येते तो निवडा. ती हवाच तुमचा खजिना आहे. फाइल कापताना तिच्या आधी फक्त ५ मिलिसेकंद सोडा.

आता ०.६ सेकंद ठेवून बाकी उडवा. आवाजाची पातळी उणे १ डेसिबलपर्यंत वर आणा, आणि मगच ३० किलोहर्ट्झ, ८ बिट करा. हा क्रम चुकवू नका. ८ बिटमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ४८ डेसिबलच मिळतं, त्यामुळे हळू फाइल आधी ८ बिट केली आणि नंतर मोठी केली तर बासरीपेक्षा खरखरच जास्त येते. शेवटच्या ०.२ सेकंदाचा लूप करा, जोडावर १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक टोक विझताना दुसरं उगवणं). टक्‌ असा आवाज येत असेल तर लूपची दोन्ही टोकं तरंग शून्यावर असतो तिथे सरकवा.

सॅम्पलरमध्ये ‘टाइम-स्ट्रेच’ बंद करा. स्वर वर गेला की सॅम्पल वेगाने वाजून आखूड झाला पाहिजे: एक सप्तक वर ०.३ सेकंद, एक सप्तक खाली १.२. खाली दीड सप्तक गेल्यावर बासरीची हवा गुहेतल्या वाऱ्यासारखी होते. तो आवाज विकत मिळणाऱ्या कोणत्याही लायब्ररीत नाही, आणि तुमच्या अल्बमची ओळख त्यानेच ठरेल. तांब्यावरची टिचकी, लोखंडी तव्यावर लाकडी उलथन्याचा ठोका, जिन्यातल्या लोखंडी गेटचा करकराट असे चार-पाच सॅम्पल पुरतात.

बेस आणि गिटार

बेसने दुसरी चाल गावी. फ्रेटलेस असेल तर उत्तमच. कोरस इफेक्ट (आवाजात त्याचीच किंचित डुलणारी प्रत मिसळणारा) हळू, ०.५ हर्ट्झच्या आसपास, मिश्रण ३० टक्क्यांच्या आत, आणि १५० हर्ट्झच्या खालचा भाग कोरसशिवाय मधोमध. पूर्ण बेसवर कोरस लावला की खालचे स्वर बेसूर वाटतात आणि माणूस उगाच ट्यूनिंग तपासत बसतो. ‘डोन्ट गिव्ह अप’च्या उत्तरार्धात टोनी लेव्हिनने तारांखाली बाळाचं लंगोट घातलं होतं, म्हणून तो बेस दबका आणि गोल ऐकू येतो. घरी ब्रिजजवळ तारांखाली दोन सेंटिमीटर जाडीची फोमची पट्टी सरकवा. स्वर अर्ध्या सेकंदात विझला पाहिजे.

गिटारला या संगीतात कॉर्ड झोडायचं काम नाही. एका मात्रेच्या पाऊण पटीचा डिले लावा (९६च्या लयीत ४६९ मिलिसेकंद) आणि दोन-तीन स्वरांचे तुकडे वाजवा. एकल वादन अल्बमभरात दोनदाच, आणि प्रत्येक आठ बारच्या आत.

गळा

आपल्या घरांत आवाज रेकॉर्ड करताना खरा शत्रू पंखा आणि रस्ता. पंखा बंदच हवा. त्याची हवा माइकवर हळू लाटेसारखी बसते आणि नंतर कोणत्याही फिल्टरने पूर्ण निघत नाही. डायनॅमिक माइक घ्या, खोलीचा आवाज तो कमी ओढतो. गादी किंवा दोन गोधड्या गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. लोक त्या माइकमागे लावतात, पण माइक पाहत असतो गाणाऱ्याकडे, आणि मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माइकच्या तोंडात जातो. तोंडापासून अंतर दहा-बारा सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर. ‘ख’, ‘फ’, ‘भ’ या हवेच्या अक्षरांना माइक किंचित तिरका ठेवा. पातळीचा शेंडा उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

व्हर्स (कडवं) एकाच गळ्यात ठेवा. कोरसला मुख्य ओळ दोनदा गाऊन डावी-उजवीकडे टाका. पाठीमागचे सूर तीन पट्ट्यांत, प्रत्येकी चारदा: बारा टेक. ते आधी दोन ट्रॅकवर उतरवून घ्या, नाहीतर २४चं कुंपण मोडेल. बारा गळे ‘स’, ‘च’, ‘ट’ एकदम म्हणायला लागले की फटाक्यांची माळ लागते. म्हणून एकाच टेकमध्ये ही अक्षरं स्पष्ट म्हणा, बाकी अकरांत ती गिळा.

आणि एकट्याचा अल्बम म्हणजे सगळं स्वतःच केलं पाहिजे असं नाही. ‘टू द बोन’मध्ये निनेट तयेब आणि सोफी हंगर यांचे आवाज आहेत, आणि त्या गाण्यांचं अर्धं वजन त्या आवाजांत आहे. दुसऱ्या गावातल्या वादकाला गाणं पाठवताना पहिल्या बारपासून सुरू होणारी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल, बीपीएम, ट्यूनिंग (ए = ४४०) आणि दोन बारची मोजणी द्या. मोबदला आणि गाण्यातला वाटा रेकॉर्डिंगच्या आधी लिहून ठेवा.

मिक्स आणि शेवटची फाइल

पूर्ण अल्बमला तीनच रिव्हर्ब: वरचा गेटवाला, गळ्यासाठी २ सेकंदांची प्लेट (प्री-डिले ५० ते ६० मिलिसेकंद, म्हणजे शब्द बुडत नाहीत), आणि एका वेळी एकाच वाद्यासाठी ४-५ सेकंदांचा मोठा हॉल. तुलनेसाठी चारपैकी एक जुना अल्बम सॉफ्टवेअरमध्ये ठेवा आणि तुमच्या मिक्सएवढाच मोठा ऐकू येईपर्यंत त्याची पातळी जुळवा. मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, कानाला ही खोड आहे. दर अर्ध्या तासाने मिक्स मोनोमध्ये ऐका. कोरस इफेक्ट लावल्यावर गिटार गायब होत असेल तर त्या इफेक्टचं मिश्रण कमी करा.

शेवटच्या लिमिटरने (आवाजाचे शेंडे कापणाऱ्या इफेक्टने) २-३ डेसिबलहून जास्त कापू नये. स्ट्रीमिंगसाठी उणे १४ ते उणे ११ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आणि शेंडा उणे १ डेसिबल पुरे आहे. याहून दाबलंत तर गेटनंतरची ती वीस मिलिसेकंदांची शांतता भरून जाते आणि ड्रमवरची सगळी मेहनत वाया जाते.

क्रम लावताना स-श-च भरलेलं, चकचकीत गाणं बाजूच्या शेवटी नको. रेकॉर्डच्या आतल्या खाचांत वरचे सूर नीट मावत नाहीत आणि तिथे ‘स’ फाटतो. शांत, खर्जातलं गाणं तिथे ठेवा. तीन भागांचा प्रवास एकाच लांब फाइलमध्ये मास्टर करा आणि नंतर तुकडे करा. ४४.१ किलोहर्ट्झवर सीडीची चौकट ५८८ नमुन्यांची असते. सुरुवातीपासून मोजून प्रत्येक काप ५८८च्या पटीत पाडा, नाहीतर दोन तुकड्यांच्या जोडावर बारीक टिक येते. फेड देऊ नका, मध्ये शांतता घालू नका, आणि एमपी३ पाठवू नका. त्या प्रकारात फाइलच्या टोकांना शांततेचा तुकडा चिकटतो आणि जोड उघडा पडतो. वितरकाकडे वेव्ह किंवा फ्लॅकच जाऊ द्या.